जिन्यात टांगलेल्या हाडांचा खुलासा

ती. ताई,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (अगदी शब्दशः वाकून. आठवडाभर जमिनीवर बसून कातरकाम केल्यावर माझी पाठ अजून सरळ व्हायला तयार नाही.) तुमची सर्दी पळाली असेल, भावजींचा खोकला आटोक्यात असेल आणि मागच्या वर्षअखेरीला मी विणून पाठवलेला स्वेटर ते अजून घालत असतील, असं धरून चालते. त्याची एक बाही दुसरीपेक्षा लांब आहे, हे मला माहीत आहे. भावजींनी तेव्हा फोनवर सांगितलं होतं की लांब बाहीत हात ऊबदार राहतो आणि आखूड बाहीतून घड्याळ दिसतं, म्हणजे सोयच झाली. इतका सज्जन माणूस आपल्या घरात दुसरा नाही. (तुमचे बंधूही सज्जन आहेत, पण ते खरं बोलतात.)

इकडे आम्ही मजेत. आई मजेत. आईंबद्दल सविस्तर लिहायलाच बसले आहे, कारण गोष्ट तुमच्या कानावर गेलेलीच असणार. आमच्या तळमजल्यावरच्या हेडबाई तुम्हाला आठवत असतील. शाळा सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, पण अख्खी इमारत अजून त्यांना हेडबाईच म्हणते आणि त्याही अख्ख्या इमारतीला चौथीचा वर्ग समजतात. त्या हल्ली फोनवर फोटो काढतात आणि खाली एक ओळ लिहून ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पाठवतात. तुम्हाला पाठवलेल्या फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं म्हणे, की तुमच्या भावजयीने तुमच्या मातोश्रींची हाडे जिन्यात टांगली आहेत. ताई, हे खरं आहे. टांगली. लोकांना नीट दिसावीत म्हणून मागून दिवेही लावले. पण आधी सगळी हकिगत वाचा, मग फोन करा, आणि मग जे बोलायचं ते मनसोक्त बोला. मी फोन कानापासून लांब धरणार नाही.

वर्षअखेरची सुट्टी लागली की मला काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमचं कापडाचं दुकान आठवडाभर बंद असतं. वर्षभर मी तिथे दुसऱ्यांसाठी कापड मापून कापते आणि उरलेले तुकडे मालकांच्या परवानगीने (आणि कधी कधी परवानगी गृहीत धरून) घरी आणते. ते सगळे माळ्यावरच्या मोठ्या पत्र्याच्या पेटीत जातात. सुट्टीच्या पहिल्या सकाळी पेटी खाली उतरते. यांचा चेहराही त्याच वेळी उतरतो. मग सुट्टी संपेपर्यंत घरात बसायला जागा नसते, जेवणात दोरे सापडतात आणि मी इमारतीतल्या प्रत्येकासाठी आपल्या हाताने काहीतरी करून देते. तेही बिचारे हाताने केलेलं म्हणून नाइलाजाने घेतात. मागे एकदा मी साबण केले होते. ते लावल्यावर बेकरीवाल्यांचे हात निळे झाले आणि गिऱ्हाइकांनी पाव परत केले. त्या वर्षापासून मला सगळे 'कात्री' म्हणतात. साबणाचा आणि कात्रीचा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही, पण नाव आवडलं म्हणून ठेवलं.

आणि वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी जिन्यात दिवा लागतो. आमच्या जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत पोकळी आहे. तिच्यात मी दरवर्षी कागदाचं नाहीतर कापडाचं काहीतरी झुंबर करून सोडते. दिवेलागणीला सगळी घरं आपापल्या दारातून बाहेर येतात, कठड्याला टेकतात, जुन्या वर्षाबद्दल थोडी कुरकुर करतात आणि नव्या वर्षात जातात. आई नेहमी तळमजल्यावर खालच्या पायरीवर बसायच्या, हेडबाईंच्या शेजारी. मग दोघी मिळून माझ्या झुंबराला नावं ठेवायच्या. एरवी त्या दोघींचं कशावरच एकमत होत नाही.

यंदा आई तिथे नसणार होत्या. त्या पडल्या तेव्हापासूनचं सगळं तुम्ही पाहिलंच आहे. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पट्टी बसली, स्क्रू बसले, डॉक्टरांनी हाड उत्तम जुळल्याचं सांगितलं, आणि आई मात्र खिडकीशी खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत. त्यापुढे पाऊल नाही. दाराकडे पाहिलं की म्हणायच्या, "जिना माझा नाही आता." तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हा बोललात ते रास्तच होतं, की दुसरा मजला, लिफ्ट नाही, ही दोघं दिवसभर कामावर, वर्ष संपेपर्यंत आई जिना उतरली तर ठीक, नाहीतर मी माझ्या तळमजल्याच्या घरी घेऊन जाते, कायमची. तुम्ही खोली रंगवून घेतलीत, भिंतीला धरायला दांडी बसवलीत. तुमच्याकडे त्यांना सुखच लागेल, यात मला कधीच शंका नव्हती. मी तर त्यांची बॅगसुद्धा काढून पुसून ठेवली होती. (पुसली, भरली नाही. सुट्टीत वेळ कुठे मिळतो?)

तर सुट्टीच्या पहिल्याच दिवशी आईंची गादी उलटवताना खालून तो मोठा पिवळा लिफाफा निघाला. त्यात त्यांचा खुब्याचा एक्स-रे. मी सहज खिडकीशी धरला, आणि ताई, मी तुम्हाला काय सांगू. निळा, खोल पाण्यासारखा निळा रंग, त्यात दुधासारखं पांढरं हाड, आणि त्यात स्क्रू असे चमकत होते की एखाद्या सोनाराने बसवले असावेत. मी आजवर रंगीत कागदाचे जेवढे ताव आणले, त्यातला एकही त्याच्या जवळपास येणार नाही. तिथल्या तिथे माझ्या डोक्यात झुंबर तयार झालं. मी आईंना म्हटलं, हा मला द्या. त्यांनी मान फिरवली. "ठेव ते गादीखाली," म्हणाल्या. "माझं मोडलेलं चारचौघांत मांडायचं नाही."

मी ठेवला. पण विचार काही ठेववेना. संध्याकाळी हे हॉस्पिटलातून आले तेव्हा त्यांना सांगितलं. तुमचे बंधू दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांना "श्वास धरा, सोडा" म्हणून एक्स-रे काढतात, तेव्हा म्हटलं, यांना कौतुक वाटेल. ते चप्पल काढता काढता म्हणाले, "मी दिवसभर हाडं बघतो. घरी आल्यावर तरी मला मांस घातलेली माणसं दिसू देत." तरीही त्यांनी एक उपयोगाची गोष्ट सांगितली. जुने एक्स-रे कोणी टाकत नाही. प्रत्येक घरात कपाटामागे, गादीखाली, नाहीतर दाराच्या वरच्या फळीवर ते असतातच. का ठेवलेत विचारलं तर कोणाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इमारतभर हाडं मागत हिंडले. आधी वाटलं, लोक दार लावून घेतील. पण साबणाच्या वर्षी जे मला बघून कडी लावायचे, त्यांनी मला आत बसवून चहा दिला. बेकरीवाले ट्रे घेऊन घसरले होते, त्यांचं गळ्याजवळचं आडवं हाड मला मिळालं. वर ते कसे घसरले, ते त्यांनी स्वतः घसरून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टवाले काका राहतात. आयुष्यभर त्यांनी गावभरच्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त होऊन ते आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला आले. (कारण विचारलं तर म्हणतात, आता जे वर जाईल ते माझ्या जबाबदारीवर नको.) त्यांच्याकडे संपूर्ण बरगड्या निघाल्या, ऐन तारुण्यातल्या. काका त्या उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, छाती होती एके काळी. हेडबाईंनी दोन्ही गुडघे दिले, पण अट घातली की ते प्रवेशाशी, डोळ्यांच्या उंचीवर लागले पाहिजेत; गुडघे आहेत म्हणून खालीच लटकावायचे, असं चालणार नाही. दुपारपर्यंत माझ्याकडे हात, पाय, मनगटं, एक पाठीचा कणा आणि एक न ओळखू येणारं काहीतरी जमलं. मी इतकी हरखून गेले होते की जेवायचं राहिलं.

मग सुरू झालं खरं काम. काकांनी जुन्या सायकलच्या चाकाची रिम दिली, गच्चीच्या कडीला कप्पी बांधली आणि दोर कसा सोडायचा याची तालीम माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतली की माझे तळहात साबणाशिवायच लाल झाले. रिमपासून लांबलांब दोरे, दोऱ्यांना चिमट्यांनी लावलेले एक्स-रे आणि मधून दिव्यांची माळ. पहिल्या चाचणीला मी घरातला साधा जुना बल्ब लावला. तो तापला, आणि हेडबाईंचा डावा गुडघा कडेने वळायला लागला. वासही सुटला. हेडबाई नाक दाबून बाहेर आल्या आणि म्हणाल्या की तीस पायऱ्यांची शाळा मी याच गुडघ्याने चढले, तो तुम्ही भाजलात. मी कड कातरून गुडघा गोल करून दिला तेव्हा त्या शांत झाल्या. उलट आता तो उजव्यापेक्षा जास्त सुबक दिसतो, असं त्यांचंच मत पडलं आणि उजवाही गोल करायला लावला. दुसऱ्या चाचणीच्या वेळी, गार बल्ब लावून, संध्याकाळी रिम हळूहळू खाली सोडत होतो, तेवढ्यात कुरियरवाला पाकीट घेऊन आत शिरला. वरून काकांच्या बरगड्या पेटलेल्या, फिरत फिरत त्याच्याकडे उतरत होत्या. त्याने पाकीट ठेवलं, सही घ्यायची विसरला आणि एक चप्पलही विसरला. चप्पल अजून आमच्या दाराशी आहे. तो फाटकाबाहेरून हाका मारतो, आत येत नाही.

हे सगळं मी रोज संध्याकाळी आईंच्या खोलीत बसून, दोरे ओवता ओवता त्यांना सांगायची. ताई, खरं सांगायचं तर हा माझा डाव होता. हाताने काही करायचं म्हटलं की मी गडबडते, बाह्या लांब-आखूड होतात, साबण निळे होतात. पण माणसाला खुर्चीतून उठवायचं तर काय ओढायचं आणि काय सैल सोडायचं, ते मला बरोबर कळतं. आईंच्या एक्स-रेचं मी नावही काढलं नाही. मी फक्त हेडबाईंच्या गुडघ्यांची स्तुती करत राहिले. काय ती वाटी, काय तो उजेड, येणारा-जाणारा थांबून बघतो. पहिल्या दिवशी आई खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, तिच्या गुडघ्यात काही धातूबितू आहे का? मी म्हटलं, नाही, नुसतेच गुडघे. तिसऱ्या दिवशी मी आत जाते तो लिफाफा मांडीवर. "टांग," म्हणाल्या. "पण तिच्या वर."

मी पहिल्या मजल्याच्या कठड्यालगत, हात पोचेल असा त्यांचा खुबा लावला. हेडबाईंच्या गुडघ्यांच्या बरोबर वर. आणि ताई, मी तो मुद्दाम उलटा लावला. पुढची बाजू मागे. आईंचा डावा खुबा मोडला होता. असा लावल्यावर तो उजवा दिसतो. मला हे कळलं ते यांच्यामुळे. यांना मी विश्वासात घेतलं होतं. ते म्हणाले, मी खोटं बोलणार नाही. मी म्हटलं, बोलूच नका. त्यात त्यांना काही अवघड वाटलं नाही.

शेवटची संध्याकाळ आली. सगळी घरं जिन्यात. आईंची खुर्ची आम्ही दाराच्या उंबऱ्यात आणून ठेवली होती, तिथून त्यांना फक्त वरची रिम आणि काकांच्या बरगड्यांची टोकं दिसत होती. काकांनी दोर सोडला, मी बटण दाबलं. सगळा जिना निळा झाला. भिंतीवर हाडांच्या सावल्या संथ फिरत होत्या. बेकरीवाले स्वतःच्या खांद्याला हात लावून बघत होते. एकेक जण हळू आवाजात आपलं मोडणं सांगायला लागला. कोण कुठे पडलं, कोणी उचललं, हॉस्पिटलात कोण बसून राहिलं. दरवर्षी आम्ही महागाईबद्दल बोलतो. यंदा कोणाला तिची आठवणच झाली नाही.

मी हेडबाईंकडे बघून डोळ्याने खूण केली. (हो, त्यांनाही मी सामील करून घेतलं होतं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी घरी सरावही केला.) त्यांनी खालून, शाळेच्या प्रार्थनेच्या आवाजात वर विचारलं, की बाईंचा खुबा उजवा होता का हो मोडलेला?

वरून आईंचा आवाज आला, "डावा."

हेडबाई म्हणाल्या, इथे तर उजवा दिसतोय. आई म्हणाल्या, उलटा लावलाय तिने. मी "लावते हां सुलटा" म्हणत एक्स-रे फिरवला, पुन्हा फिरवला आणि होता तसाच सोडला. हेडबाई म्हणाल्या, उजवाच. काका म्हणाले, त्यांना डावाच वाटतो. बेकरीवाल्यांना (ते कटात नव्हते) प्रामाणिकपणे काहीच कळत नव्हतं, तरी ते दोन्ही बाजूंनी बोलले. खालून कोणीतरी म्हणालं, जाऊ दे, डावा काय नि उजवा काय, हाड ते हाड. मग आईंनी यांना हाक मारली. "तू सांग. तू रोज बघतोस."

हे दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभे होते. त्यांनी आईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आई, इथून उजेड नीट नाही."

ताई, लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्यांचं पहिलं खोटं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आई उठल्या. आधी दाराची चौकट धरली, मग कठडा. त्यांचे पाय पहिल्या पायरीशी थांबले आणि सगळा जिना त्यांच्याबरोबर थांबला. कोणी "सांभाळून" म्हणालं नाही. मी सगळ्यांना तंबी दिली होती, पण मला वाटतं, तंबी दिली नसती तरी कोणी बोललं नसतं. हे एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून, उलटे उतरायला लागले. हात पुढे केलेले, पण लावलेले नाहीत. एक पायरी. मग पुढची. मधल्या वळणावर आईंनी दम खाल्ला. त्यांचा कठड्यावरचा हात थरथरत होता, आणि तेव्हा, ताई, मला माझ्या हुशारीची भयंकर भीती वाटली. म्हटलं, या पुन्हा पडल्या तर? चिमट्यांची पिशवी हातात धरून मी नुसती उभी. पुढे होऊन धरावंसं वाटत होतं आणि धरलं तर त्या तिथेच बसतील, हेही कळत होतं.

त्या आल्या. पहिल्या मजल्यावर येऊन त्यांनी यांना कमरेशी धरायला सांगितलं, हात लांबवला, चिमटा काढला, एक्स-रे फिरवला आणि परत लावला. मग मान थोडी तिरपी करून स्वतःच्या हाडाकडे नीट पाहिलं. तो गादीखाली ठेवल्यापासून पहिल्यांदाच.

"आता बरोबर," म्हणाल्या. मग खाली वाकून बघत म्हणाल्या, "एवढी आलेच आहे तर तिचे गुडघे बघून येते."

हेडबाईंनी खालच्या पायरीवर सरकून जागा केली. आई बसल्या. दोघी वर बघत होत्या. मला वाटलं आता काहीतरी हळवं बोलतील. आई म्हणाल्या, रिम वाकडी आहे. हेडबाई म्हणाल्या, मी कालच सांगितलं होतं. मी वरच्या पायरीवर बसून इतकी रडले की काकांनी मला दोर पुसायचं फडकं दिलं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी पेटी परत भरताना मी दरवर्षी अर्धवट राहिलेल्या वस्तू बघते. वर्षाचा हिशेब मला दुसऱ्या कुठल्या रीतीने जमत नाही. यंदा त्यात एक गळपट्टा निघाला. आईंचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून विणायला घेतलेला. सुरुवातीचे टाके इतके घट्ट आहेत की त्यात सुई शिरत नाही. मी तो उसवणार होते, पण आई म्हणाल्या, राहू दे, पुढचं सैल विण. तेच विणत बसले आहे. हे वर्ष मला एकंदरीत तसं दिसतं. सुरुवात गळ्याला आवळणारी, शेवट अंगावर घेता येईल असा.

तर हा झाला खुलासा. भावजींना नमस्कार. त्यांच्यासाठी यंदा हातमोजे पाठवते आहे. दोन्ही डावे झाले आहेत, पण उलटा घातला की एक उजवा होतो.

तुमची,
कात्री

ता. क. तुमच्याकडे कोणाचे जुने एक्स-रे असतील तर पाठवा. पुढच्या वर्षी काका म्हणतात रिम मोठी घेऊ.

ता. क. २. ताई, वर मी लिहिलं की आईंना तुमच्याकडे सुख लागेल आणि मी बॅग काढून ठेवली आहे. ते खरं आहे, पण बॅग मी परत माळ्यावर टाकली आहे आणि तिच्यासमोर पत्र्याची पेटी लावली आहे, म्हणजे ती सहज काढता येणार नाही. तुम्ही घातलेली अट पूर्ण झाली आहे, साक्षीदार अख्खी इमारत आहे. तरीही तुम्ही लेक आहात, नेते म्हणालात तर मला नाही म्हणायचा अधिकार नाही. म्हणून विनवते. नेऊ नका. मी केलेली प्रत्येक वस्तू वाईट आहे, हे मला तोंडावर सांगणारं घरात दुसरं कोणी नाही. (हे खरं बोलतात, पण विचारल्याशिवाय बोलत नाहीत.) त्या गेल्या तर मी कोणाला दाखवायचं? एवढं पत्र खरं तर या चार ओळींसाठीच लिहिलं. आधी लिहायला धीर झाला नाही.

चि. ताईस,

आईचा आशीर्वाद. वरचं सगळं वाचलं. तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि डुलकी काढायला गेली. पाकीट तिने स्वतः केलेलं आहे, त्यामुळे उघडायला वाफ लागली नाही, नुसतं उचललं आणि ते उघडलं.

एक गोष्ट तिला माहीत नाही. ही दोघं कामावर गेली की मी दुपारी घरात चालत होते. आधी स्वयंपाकघरापर्यंत, मग बाहेरच्या दारापर्यंत, एकदा अर्धा जिनाही उतरून परत वर आले. तळमजल्यावरच्या हेडबाईला ठाऊक होतं. ती दुपारी खाली दारात उभी राहून माझ्या पायऱ्या ऐकायची. सुट्टीत मात्र कात्री दिवसभर घरात, म्हणून मला आठवडाभर बसून राहावं लागलं आणि पाय आखडला. त्या संध्याकाळी वळणावर माझा हात थरथरला, ते सोंग नव्हतं.

सांगितलं का नाही, विचारशील. मला वाटलं होतं, हिला माझी खोली हवी असेल. तिची पेटी, तिचे तुकडे, बिचारी जमिनीवर बसून कातरते. मी चालत नाही म्हटलं की तू मला नेशील, हिला खोली मिळेल आणि कोणी कोणाला जा म्हटलं, असं होणार नाही. मनाशी तसं ठरवलं होतं. मग ही बया माझ्यासाठी इमारतभर हाडं मागत हिंडली. नको असलेल्या माणसासाठी कोणी एवढं करत नाही, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा लिफाफा काढला.

तर मी इथेच राहते. उन्हाळ्यात तुझ्याकडे येईन, माझ्या पायांनी येईन, आणि परत येईन. रागावू नकोस. दांडी भिंतीला असू दे, जावईबापूंच्या उपयोगी पडेल.

तिला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतं तिने मला उतरवलं. तसं बघितलं तर उतरवलंच. त्या संध्याकाळनंतर तिने आणून दिलेल्या काठीची मला गरज नाही, पण ती उठली वाटतं, तेव्हा काठी आपटत जाते. तिला तो आवाज ऐकायला आवडतो.